निर्मळ पाणी आणि सिद्ध पाणी

सुरतकरांना समुद्र जवळचा असला, तरी निळा समुद्र त्यांच्या वाट्याला आलेला नाही. डुमसच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर मातकट, गढूळ पाण्याचा विस्तार दिसतो. खंभातच्या आखातातील प्रचंड भरती-ओहोटी आणि तापी, नर्मदा, मही या नद्यांनी वाहून आणलेला गाळ, यांमुळे येथील पाण्यात सूर्यप्रकाश फार खोल जात नाही; आणि जेथे प्रकाश नाही तेथे प्रवाळांची वसाहत नाही. म्हणून सागरी जीवन जवळून पाहावयाचे तर कोसाड-अमरोलीकडील मुले तापीच्या याच तीरावर पाल येथे, महानगरपालिकेने २०१४ साली सुरू केलेल्या जगदीशचंद्र बोस मत्स्यालयात जातात. मागच्या पिढीने हीच हौस १९५१ साली उघडलेल्या मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात भागविली होती.

मत्स्यालय पाहून आलेले मूल घरी तशी टाकी मागते. गोड्या पाण्याची टाकी आपल्या घरांना नवी नाही. खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची टाकी मात्र वेगळीच साधना आहे. परदेशी असलेले आपले आप्तेष्ट अशा टाक्यांची छायाचित्रे पाठवितात, तेव्हा त्यांत एखादा निळा-हिरवा, मखमली ओठांचा मोठा शिंपला दिसतो आणि पाहणारा थक्क होतो. हा शिंपला टाकीत केव्हा सोडावा, या एका प्रश्नात त्या साऱ्या साधनेचे मर्म आहे.

कोकणातील तिसऱ्या किंवा खुबे आपल्या परिचयाचे आहेत. ते पाणी गाळून त्यातील सूक्ष्म अन्नकण खातात. ट्रिडॅक्ना कुळातील हे मोठे शिंपलेही पाणी गाळतात. परंतु त्यांचा मुख्य आधार निराळा आहे. शिंपल्याच्या कडेने बाहेर पसरणाऱ्या मांसल पडद्याला शास्त्रात प्रावार म्हणतात. या प्रावारात कोट्यवधी सूक्ष्म शैवाले राहतात, प्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देतात. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ यंग यांनी १९२८-२९ च्या ग्रेट बॅरिअर रीफ मोहिमेत या सहजीवनाचा अभ्यास केला होता. या कुळातील सर्वांत मोठी जात एक मीटरहून लांब वाढते व तिचे वजन दोनशे किलोच्या वर जाते. असा दीर्घायुषी जीव घाईने आणून पंधरा दिवसांत गमावणे म्हणजे केवळ पैशाचा अपव्यय नव्हे.

घाई होते, कारण पाणी फसविते. नव्या टाकीतील पाणी दुसऱ्या दिवशीच स्फटिकासारखे स्वच्छ दिसते. परंतु निर्मळ पाणी वेगळे आणि सिद्ध पाणी वेगळे. जलचरांच्या मलमूत्रातून व उरल्यासुरल्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो. तो विषारी असतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे तुलनेने सौम्य असे नायट्रेट करतात. या जीवाणूंची वस्ती वाळूत व खडकांत स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकीचा पहिला टप्पा संपतो. पुष्कळ जण येथेच टाकी तयार झाली असे मानतात. वस्तुतः ही केवळ प्रवेश परीक्षा असते.

त्यानंतर शैवालांचे पर्व येते. प्रथम वाळूवर तपकिरी थर चढतो, मग हिरवे केसाळ शैवाल माजते. हौशी माणूस येथे कंटाळतो. परंतु गोगलगायी, योग्य ते मासे आणि मर्यादित खाद्य यांच्या साहाय्याने हे पर्व ओसरते आणि काही महिन्यांनी खडकांवर गुलाबी-जांभळे, चुन्याचे कवच असलेले शैवाल दिसू लागते. हे लक्षण महत्त्वाचे होय. ज्या पाण्यात हे शैवाल पसरते, त्यात चुन्याचे कवच घडविण्यास लागणारी द्रव्ये पुरेशी व स्थिर आहेत, असे समजण्यास आधार मिळतो. शिंपल्यालाही तेच हवे असते.

आता आकडे पाहू. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास, तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस, कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम आणि अल्कता ८ ते ११ जर्मन अंश असावी. नायट्रेट अगदी शून्य नको. शिंपल्यातील शैवालांना ते अल्प प्रमाणात खतासारखे उपयोगी पडते. मात्र एका दिवसाच्या गुणांवरून निकाल लावू नये. तीन महिन्यांची हजेरी पाहावी. तारखेनिशी वही ठेवावी. रोज किती कॅल्शियम खर्ची पडते आणि आपण ते किती भरून काढतो, हे न अडखळता सांगता आले, की टाकीचा स्वभाव आपल्याला कळला असे समजावे. अनुभवी लोक शिंपल्यासाठी सहा महिने ते एक वर्ष थांबण्यास सांगतात, ते याचसाठी.

आपल्याकडील उन्हाळा ही आणखी एक कसोटी. सुरतेत पारा चाळीस अंशांवर गेला की टाकी तापते, पाण्याची वाफ होते आणि मागे राहिलेल्या क्षारांनी खारेपणा वाढतो. अशा वेळी टाकीत खारे पाणी नव्हे, तर शुद्ध गोडे पाणी घालावयाचे असते. म्हणून आपल्या भागात टाकीने एक संपूर्ण उन्हाळा सुखरूप काढल्यावाचून ती सिद्ध झाली असे म्हणू नये. वीज गेल्यास पंपाची सोय काय, हाही प्रश्न आधीच सोडवावा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. माशांच्या रोगावर तांबेयुक्त औषध ज्या टाकीत वापरले गेले असेल, ती शिंपल्यासाठी धोक्याची समजावी. तांबे मृदुकाय प्राण्यांना मारक असते व वाळू-खडकांत मुरून राहते. तसेच प्रावाराचे लचके तोडणारे फुलपाखरू मासे अशा टाकीत नसावेत. निरोगी शिंपल्याची ओळख सोपी आहे. त्याच्या प्रावाराच्या कडेने प्रकाश जाणणारे सूक्ष्म डोळे असतात. हाताची सावली पडताच तो चटकन मिटतो. जो मिटण्यास आळस करतो, त्याची प्रकृती ठीक नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००१ साली प्रवाळांनाही त्याचे संरक्षण मिळाले. लक्षद्वीपच्या समुद्रात आढळणाऱ्या ट्रिडॅक्नाच्या जातीही संरक्षित आहेत. आपल्या समुद्रातून काढलेला असा शिंपला किंवा प्रवाळ विकत घेणे हा अपराध आहे. पॅसिफिकमधील पलाऊ बेटांवर १९८० च्या दशकापासून शिंपल्यांची पैदास केली जाते व परदेशांतील टाक्यांत बहुधा अशा पैदाशीचे शिंपले असतात. आपल्याकडील विक्रेता ‘माल बाहेरचा आहे’ असे म्हणाला, तरी अधिकृत कागदपत्रे पाहिल्यावाचून त्यावर विश्वास ठेवू नये. टाकीच्या सिद्धतेआधी मालकाची सिद्धता हवी, ती अशी.

मग येथील घरांनी काय करावे? कायद्याने मोकळे असलेले जलचर घेऊन खाऱ्या पाण्याची टाकी याच शिस्तीने एक वर्ष सांभाळावी. मुलांना ती वही लिहावयास द्यावी. रसायन, जीवशास्त्र आणि चिकाटी यांचा असा एकत्र पाठ अन्यत्र मिळणे कठीण. आणि जिवंत प्रवाळ पाहण्याची इच्छा झाली, तर आपल्याच राज्यात जामनगरजवळ, कच्छच्या आखातात, १९८२ साली घोषित झालेले सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील नरारा बेटावर ओहोटीच्या वेळी घोटाभर पाण्यातून चालत जाऊन प्रवाळ पाहता येतात.

स्वातीच्या थेंबाची वाट शिंपला पाहतो, असा आपल्या साहित्यातील जुना संकेत आहे. येथे मात्र वाट पाहावयाची ती माणसाने. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधून बोहल्यावर चढला, तर हसे त्याचे होते. टाकीतील उतावळेपणाची किंमत मात्र मुक्या जीवाला मोजावी लागते.