डिपस्टिक बसली म्हणजे जुळली असं नाही! जुन्या गाडीचं ऑइल नीट कसं मोजायचं?

इंजिनमध्ये ऑइल किती आहे, हे आजच्या काही गाड्या थेट स्क्रीनवर सांगतात. पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर किंवा जुन्या जीपमध्ये हे काम एक पोलादी पट्टी करते, तिचं नाव डिपस्टिक. पुण्यात जुन्या गाड्या हौसेने चालवणारे बरेच आहेत आणि त्यांत आता आपल्या वयाची पोरंही दिसतात. पट्टी मोडली की जुन्या बाजारातून दुसरी आणायची, खोचायची आणि मोकळं व्हायचं, असं अनेकांना वाटतं. पण न जुळणारी पट्टी रोज चुकीचा आकडा दाखवते आणि त्याचा खर्च शेवटी इंजिनवर निघतो.

पट्टी नेमकं काय मोजते?

इंजिनच्या तळाला ऑइल साठतं, त्या भागाला मेकॅनिक 'चेंबर' म्हणतात. पट्टी एका नळीतून चेंबरमध्ये उतरते. पट्टीच्या वरच्या बाजूला एक अडणी असते, ती नळीच्या तोंडावर टेकते. म्हणजे पट्टीवरच्या 'मिन' आणि 'मॅक्स' खुणांना अर्थ येतो तो नळीच्या तोंडापासूनच्या अंतरामुळे. पट्टी, नळी आणि चेंबर हा तिघांचा संच आहे. त्यातलं एक बदललं की खुणा खोट्या ठरतात.

समजा, नवीन नळी २ सेंटिमीटर जास्त लांब आहे. मग पट्टीही २ सेंटिमीटर वर राहील. ऑइल बरोबर भरलेलं असूनही ते 'मॅक्स'च्या २ सेंटिमीटर खाली दिसेल. तुम्ही आणखी ऑइल ओताल. ते फार झालं की फिरणारा क्रँकशाफ्ट त्यात आपटतो आणि फेस होतो. पंप मग ऑइलबरोबर हवाही ओढतो, प्रेशर पडतं, सील गळायला लागतात.

नळी आखूड असेल तर याच्या उलट. ऑइल कमी असूनही पट्टी 'फुल' दाखवते. कात्रज घाटाच्या वळणावर ऑइल एका बाजूला सरकलं की पंपाच्या तोंडाशी काहीच उरत नाही. बेअरिंग कोरडी पडतात, आणि असं वारंवार झालं तर इंजिन जॅम होतं.

टाइप-सी केबल फोनला बसते, पण प्रत्येक केबलने फास्ट चार्जिंग होत नाही ना? इथेही तसंच आहे.

गाडी नको, इंजिन सांगा

काकांच्या अ‍ॅम्बॅसेडरसाठी डिपस्टिक शोधायला मी नाना पेठेत गेलो होतो. "अ‍ॅम्बॅसेडरची द्या," म्हटल्यावर दुकानदार म्हणाले, "गाडी नको सांगू, इंजिन कुठलंय ते सांग."

त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. अ‍ॅम्बॅसेडरचं बाहेरचं रूप वर्षानुवर्षं फारसं बदललं नाही, पण बॉनेटखाली सुरुवातीचं साइड-व्हॉल्व्ह, मग १४८९ सीसीचं बीएमसी बी-सिरीज, नंतर डिझेल आणि १९९०च्या दशकात इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल अशी वेगवेगळी इंजिनं आली. पद्मिनीचंही तसंच: मूळ पेट्रोल इंजिन १०८९ सीसीचं, पण पुढे डिझेल पद्मिनीही निघाली. कित्येक पेट्रोल जीपमध्ये तर मालकांनीच नंतर डिझेल इंजिन बसवून घेतलं.

इंजिनचं कुळ जुळलं तरी निर्धास्त होऊ नका. १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्येही होतं. ऑनलाइन मिळालेली तिची पट्टी आपल्या चेंबरला लागू पडेलच, असं नाही. अमेरिकेत शेवरोलेच्या प्रसिद्ध स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिनची डिपस्टिक १९७९पर्यंत ड्रायव्हरच्या बाजूला होती, १९८०पासून ती दुसऱ्या बाजूला गेली. तिथले हौशी लोकही म्हणून आधी ब्लॉक कोणत्या वर्षाचा ते विचारतात.

जुळवायचं कसं?

१. इंजिन नंबर बघा. ब्लॉकवर कोरलेला नंबर घासून, पुसून त्याचा फोटो काढा. आरसीवरचा नंबर एम-परिवहन किंवा डिजिलॉकरमध्ये मिळतो. दोन्ही जुळत नसतील तर इंजिन बदललेलं असू शकतं. त्याची आरटीओकडे नोंद आहे का, तेही बघून घ्या.

२. आधी नळी, मग पट्टी. नळी ब्लॉकमध्ये पूर्ण खाली बसली आहे का, वाकली आहे का, तिचा क्लॅम्प घट्ट आहे का, हे तपासा. काही इंजिनांत वेगळी लांब नळी नसते, पट्टी थेट ब्लॉकमधल्या भोकात जाते. तिथे अडणी ब्लॉकवर नीट टेकते ना, ते बघा.

३. लांबी मोजा. जुनी पट्टी मोडकी का असेना, टाकू नका. अडणीपासून मिन, मॅक्स आणि टोक ही तीन अंतरं मोजा. दुकानात लांबीसाठी नुसत्या फोटोवर विसंबू नका, हे आकडे सोबत न्या. नवीन पट्टी हळूच उतरवा, कुठे अडली तर जोर लावू नका. पहिल्यांदा इंजिन स्टार्टरने न फिरवता हाताने फिरवा. लांब पट्टी क्रँकशाफ्टला लागत असेल तर तेव्हाच कळेल.

४. मोजून ऑइल भरा. खात्री इथे होते. गाडी सपाट जागी लावा. सोसायटीचा रॅम्प चालणार नाही. फोनमधलं लेव्हल अ‍ॅप गाडीखालच्या फरशीवर ठेवून उतार तपासता येतो. जुनं ऑइल काढा, फिल्टर बदला. समजा, मॅन्युअलमध्ये फिल्टरसह एकूण ४ लिटर आणि मिन-मॅक्समध्ये १ लिटरचा फरक दिला आहे. मग आधी ३ लिटर भरा, इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा, दहा मिनिटं थांबा. पट्टी पुसून पुन्हा बुडवा. ऑइलची रेघ येईल ते तुमचं 'मिन'. उरलेलं १ लिटर ओतून, पुन्हा थांबून बघा, ते 'मॅक्स'. छापील खुणा याच्याशी जुळल्या तर पट्टी बरोबर. नाही जुळल्या तर कानशीने बारीक नव्या खुणा करा आणि जुन्या घासून टाका, म्हणजे पुढच्या मेकॅनिकचा गोंधळ होणार नाही.

चेंबरच बदललेलं असेल तर मॅन्युअलचा आकडा लागू होत नाही. अशा वेळी जाणत्या मेकॅनिककडून चेंबर उघडून पातळी ठरवून घ्या.

ही पट्टी इंजिनमधल्या सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी एक. पण अ‍ॅम्बॅसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पद्मिनीचं त्याच्याही बरंच आधी. क्रँकशाफ्ट गेला तर दुसरा शोधता शोधता गाडी महिनोन् महिने उभी राहते. म्हणून सगळं जुळलं की पट्टीचा मोजपट्टीसह एक फोटो काढा, तिन्ही अंतरं आणि इंजिन नंबर लिहून आरसीसोबत जपून ठेवा. पुढच्या वेळी पट्टी मोडली तर दुकानदाराच्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर तुमच्या खिशात असेल.