जाळरेषा

जाळरेषा म्हणजे वणव्याचा प्रसार रोखण्यासाठी जंगलात, गवताळ माळरानावर किंवा शेताच्या कडेने मुद्दाम मोकळा केलेला पट्टा होय. या पट्ट्यातील गवत, पालापाचोळा आणि झुडपे आगीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी कापून, झाडून किंवा नियंत्रित रीतीने जाळून काढली जातात. पट्ट्यात जळण्याजोगे काही शिल्लक नसल्यामुळे एका बाजूने आलेली आग तेथे थांबते, किंवा निदान मंदावते आणि विझवणे शक्य होते. महाराष्ट्रात आगीचा हंगाम साधारणतः १५ फेब्रुवारी ते १५ जून असा मानला जातो. त्याआधी वनविभाग दरवर्षी जाळरेषांची कामे हाती घेतो.

तत्त्व

आग टिकून राहण्यासाठी इंधन, प्राणवायू आणि उष्णता या तीन गोष्टी लागतात. उघड्या रानात प्राणवायू आणि उन्हाळ्यातील तापमान माणसाच्या हाती नसते; इंधन मात्र कमी करता येते. जाळरेषेचे तत्त्व यावरच आधारलेले आहे.

महाराष्ट्रातील बहुतेक वणवे जमिनीलगत पसरतात. पानझडी जंगलात साग, ऐन, धावडा यांची पाने हिवाळ्याच्या अखेरीपासून गळतात आणि वाळलेल्या गवतावर त्यांचा थर साचतो. हा थर हेच वणव्याचे मुख्य इंधन असते. आग उताराने वर चढताना वरच्या भागातील गवत आधीच तापवते, त्यामुळे तिचा वेग वाढतो. उतार सुमारे १० अंशांनी वाढला की वेग जवळपास दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. म्हणून डोंगराळ भागात जाळरेषा शक्यतो माथ्यावरून काढतात. रस्ते, नाले आणि पायवाटा यांना लागून रेषा काढल्यास श्रम वाचतात व पट्ट्याची प्रत्यक्ष रुंदीही वाढते.

काढण्याची पद्धत

पावसाळा संपल्यावर गवत पूर्ण वाळण्याआधी नियोजित रेषेच्या दोन्ही कडांवरचे अरुंद पट्टे कापून स्वच्छ करतात. कापलेले गवत दोन्ही पट्ट्यांच्या मधल्या जागेत पसरून वाळू देतात. पुढे वारा पडलेला असताना, विशेषतः सकाळी किंवा सायंकाळी, मधला भाग जाळतात. कडेच्या मोकळ्या पट्ट्यांमुळे जाळ आत सरकत नाही. पूर्ण विझल्याची खात्री होईपर्यंत मजूर व वनरक्षक जागेवर थांबतात, कारण वाळलेले ओंडके आणि शेणाचे पो आतून बराच वेळ धुमसत राहतात.

रेषेची रुंदी गवताची उंची, उतार आणि वारा यांवर ठरते. आतील पायवाटेलगत काही मीटरचा पट्टा पुरतो, तर जंगलाच्या बाह्य सीमेवर तो अधिक रुंद ठेवावा लागतो. एकदा काढलेली रेषा हंगामभर टिकत नाही. पानगळीमुळे ती पुन्हा झाकली जाते, म्हणून झाडूने किंवा पाला उडवणाऱ्या यंत्राने ती वारंवार साफ करावी लागते.

नियंत्रित जाळ

जाळरेषेसाठी लावलेला जाळ हा नियंत्रित जाळाचा एक प्रकार आहे. ऋतू, वेळ, वाऱ्याची दिशा आणि मर्यादा आधी ठरवून लावलेल्या आगीला नियंत्रित जाळ म्हणतात. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने सरकणारी आग मंद व ठेंगणी असते, तर वाऱ्याबरोबर धावणारी आग उंच व तीव्र असते. हिवाळ्यात गवतात थोडा ओलावा असताना लावलेला जाळ वरवरचे इंधन संपवतो. एप्रिल-मे महिन्यांत लागलेली आग मात्र रोपे, जमिनीवरील पक्ष्यांची घरटी आणि सरपटणारे प्राणी यांना नष्ट करते.

कोकण आणि सह्याद्रीच्या पट्ट्यातील राब हे शेतीतील नियंत्रित जाळाचे जुने उदाहरण होय. भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर शेण, फांद्या, पाला व गवत यांचे थर रचून पावसाळ्यापूर्वी ते भाजले जातात. उत्तर ऑस्ट्रेलियातील आर्नहेम लँड या प्रदेशात आदिवासी समूह कोरड्या ऋतूच्या प्रारंभीच लहान लहान तुकडे जाळून नंतरच्या मोठ्या वणव्यांना आळा घालतात.

इतिहास

ब्रिटिश काळात वनखात्याने आगीपासून पूर्ण संरक्षण हे धोरण स्वीकारले. मध्य प्रांतातील बोरीच्या जंगलात १८६० च्या दशकात त्याचे आरंभीचे प्रयोग झाले. मात्र ब्रह्मदेशातील सागाच्या काही जंगलांत आग पूर्ण बंद केल्यावर सागाची नैसर्गिक पुनरुत्पत्ती मंदावल्याचे वनाधिकाऱ्यांच्या लक्षात आले. त्यानंतर हंगामाच्या सुरुवातीस हलका जाळ लावण्याची पद्धत काही ठिकाणी मान्य झाली. अमेरिकेत १९३५ साली लागलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजेपर्यंत आटोक्यात आणण्याचे धोरण ठरले होते. इंधन साचून आगी अधिक तीव्र होतात हे उमगल्यावर १९७० च्या दशकात ते सोडून देण्यात आले.

कायदेशीर तरतुदी

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे. आग हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणामुळे लागली असल्यास त्या वनातील चराई व वनोपजाचे हक्क काही काळ स्थगित करण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. कलम ७९ नुसार वनात हक्क उपभोगणाऱ्या व्यक्तींवर आगीची माहिती देण्याचे व ती विझवण्यास साहाय्य करण्याचे बंधन आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्यात आग लावण्यास मनाई आहे. त्यामुळे वनक्षेत्रातील जाळरेषा केवळ वनविभागाच्या देखरेखीखालीच जाळता येतात.

लोकसहभाग

विदर्भात मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो, तसेच तेंदूला नवी पालवी यावी म्हणूनही आग लावली जाते. ही आग पुढे जंगलात पसरते. मोहाच्या झाडाखालची जागा झाडून घेणे किंवा जाळी अंथरणे हे त्यावरील साधे उपाय आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव या गावाला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर ग्रामसभेने तेंदूपाने तोडणे बंद करून बांबूवर भर दिला. तेंदूसाठी लावल्या जाणाऱ्या आगी टाळणे हे त्यामागील एक कारण होते. जंगलातून मिळणाऱ्या उत्पन्नावर गावाचा हक्क असेल तर आग रोखण्यात गावाचे हितही गुंतते, हे या उदाहरणातून दिसते.

आगीचे ठिकाण लवकर कळावे म्हणून देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारे इशारे देते. तथापि लहान किंवा उपग्रहाच्या दोन फेऱ्यांदरम्यान विझलेल्या आगी त्यात नोंदल्या जात नाहीत.

घनसावंगी परिसर

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात वनक्षेत्र अत्यल्प आहे. तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. नदीकाठी आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात ऊस, तर इतरत्र प्रामुख्याने कापूस घेतला जातो. अशा प्रदेशात आगीचा धोका जंगलापेक्षा गायरान, गवताळ बांध, वाळलेला ऊस आणि पाचट यांच्याशी निगडित असतो. बांध पेटवताना किंवा पाचट जाळताना उडालेली ठिणगी शेजारच्या उभ्या उसात, कडब्याच्या गंजीत किंवा गोठ्यात पोहोचू शकते. जळालेल्या उसाचे वजन व साखर उतारा झपाट्याने घटतो, त्यामुळे तो तातडीने तोडावा लागतो.

जाळरेषेचे तत्त्व येथेही लागू पडते. शेताभोवतीचा पट्टा नांगरून काळी माती उघडी ठेवणे, गंजी उभ्या पिकापासून आणि वीजवाहिन्यांपासून दूर रचणे, तसेच गायरानातील गवत वेळेवर कापून चाऱ्यासाठी वापरणे यांमुळे आग पसरण्याचा धोका कमी होतो. पाचटाची कुट्टी करून ते सरीत कुजवल्यास जाळण्याची गरजच उरत नाही. जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढतो व ओलावा टिकतो.

मर्यादा

जोरदार वाऱ्यात ठिणग्या रुंद रेषाही ओलांडतात. देखभाल न झालेली रेषा निरुपयोगी ठरते, तर चुकीच्या वेळी जाळलेली रेषा स्वतःच वणव्याचे कारण बनू शकते. तोच माळ दरवर्षी जळत राहिल्यास मारवेल, पवन्या यांसारखी चाऱ्याची गवते मागे पडून कुसळीचे प्रमाण वाढते. उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते. म्हणून जाळ रेषेपुरताच मर्यादित ठेवणे आणि उर्वरित क्षेत्र आगीपासून वाचवणे हा या पद्धतीचा मूळ उद्देश मानला जातो.

हे सुद्धा पहा

वणवा
राब
सामूहिक वनहक्क