रात्रीचे पाणी आणि पायांतील बूट

गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी कॅनडाहून पुतण्याचे पत्र आले. तिकडे हिवाळ्यात तळी गोठून दगडासारखी टणक होतात, आणि हौशी लोक त्या बर्फाला भोके पाडून, गळ टाकून तासन्‌तास मासे धरीत बसतात. मित्रांच्या आग्रहास्तव आपणही जाणार असल्याचे कळवून, अशा वेळी उबदार व पाणी न शिरणारे बूट कसे निवडावे याचा त्याने दोन पाने भरून ऊहापोह केला होता. सकाळी ओसरीवर पत्राचे मोठ्याने वाचन झाले. शाकाहारी घरातील मुलगा मासे धरावयास निघाला, म्हणून काकूंनी कपाळाला हात लावला. परंतु त्याच्यासाठी लोकरीचे जाड मोजे विणण्याचे कबूलही त्यांनीच केले.

वाचन चालू असतानाच आमचा सालगडी रात्रभर गव्हाला पाणी भरून परतला. आमची शेती अंबड तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या टापूत आहे. गड्याचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले आणि बोटे पांढरीफटक पडलेली. "पायाला काही कळंनाच झालंय, मालक," तो शेगडीपाशी टेकत म्हणाला, "अन् बांधावर घोणस होती. बॅटरी होती म्हणून दिसली." काकूंनी हातातील लोकर खाली ठेवली व आम्हांस विचारले, "त्याचे मोजे पाठवूच. पण याच्या पायांचे काय?" आम्हांस उत्तर सुचले नाही. हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

जालना जिल्ह्यात बर्फ पडत नाही हे खरे. परंतु मार्गशीर्ष-पौषांत रात्रीचा पारा कधीकधी १० अंशांच्याही खाली उतरतो, आणि पाय बधिर होण्यास बर्फच लागते असे नाही. पाणी हे हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने शरीरातील उष्णता ओढून नेते. पहिल्या महायुद्धात, १९१४-१५ च्या हिवाळ्यात, खंदकांत उभ्या राहिलेल्या हजारो सैनिकांचे पाय केवळ ओल्या थंडीने सुजले, बधिर झाले व कित्येकांचे सडले. पाय वरचेवर पुसणे आणि कोरडे मोजे घालणे हाच तेव्हा मुख्य उपाय ठरला. आमच्या गड्याची रात्र तितकी भीषण नसते, पण कारण तेच असते. शेतीच्या पंपांना कित्येक गावी अजूनही पाळीपाळीने रात्रीची वीज मिळते. तेव्हा दारे धरणाऱ्यास अंधारात, पाण्यात, बहुधा अनवाणीच उभे राहावे लागते.

त्यात सापांचे भय निराळेच. इ. स. २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी सुमारे ५८,००० माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिला आहे. दंश बहुतांशी पायालाच होतात. उंच बुटाने हा धोका नाहीसा होत नाही, पण पुष्कळ कमी होतो. दंश झालाच, तर आवळपट्टी, चिरा, मंत्रतंत्र यांत वेळ न दवडता रोग्यास प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात तत्काळ न्यावे.

आता निवडीविषयी. गमबूट हा काही श्रीमंतांचा शोध नव्हे. हायरम हचिन्सन याने १८५३ साली फ्रान्समध्ये रबरी बुटांचा कारखाना काढला, तेव्हा लाकडी खडावांनी ओल्या शेतांत वावरणारे शेतकरीच त्याचे मोठे गिऱ्हाईक झाले. बूट गुडघ्याच्या जरा खालपर्यंत उंच असावा. घोट्याइतका बूट वाफ्यात बुडतो. तो संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, जाड मोजा घालूनच मापून घ्यावा. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरावी; घट्ट बुटात रक्त खेळत नाही आणि ऊबही राहत नाही. मात्र टाच सैल नको, नाहीतर आपली काळी भुई बूट पायातून ओढून घेते. याच कारणाने तळव्याच्या खाचा रुंद असाव्यात. बारीक खाचांत चिखल गच्च बसतो. मोजा सुती न घेता लोकरीचा घ्यावा, कारण सूत घाम पिऊन गार पडते, तर लोकर ओली होऊनही ऊब बरीच राखते. आतील अस्तर काढून वाळविता येईल असे मिळाल्यास उत्तम. घरी आणल्यावर बूट पाण्याच्या बादलीत काठ वर ठेवून घटकाभर उभा करावा. आत ओल दिसल्यास त्याच दिवशी बदलून घ्यावा.

बूट चुलीजवळ वा उन्हात न वाळविता, आत रद्दी कागद कोंबून सावलीत ठेवावा. नंतर तो खुंटीवर उलटा टांगावा, आणि घालण्यापूर्वी नेहमी झटकावा, कारण अंधाऱ्या उबेत विंचू शिरतो. विंचूदंशावरील उपचारांसाठी जगभर नाव झालेले, २०२२ साली पद्मश्री मिळालेले डॉक्टर हिंमतराव बावस्कर याच जिल्ह्यात जन्मले. त्यांच्या जिल्ह्यात तरी एवढी काळजी घेतली जावी. आणखी एक सूचना: बूट रबरी आहे या भरवशावर ओल्या हातांनी पंपाच्या स्टार्टरला शिवू नये.

पाडव्याला साल ठरविताना धान्य, कपडे यांबरोबर जोडा देण्याचा रिवाज आपल्याकडे जुना आहे. तो जोडा पाण्यात चालणारा असावा, आणि गड्यास दुकानी नेऊन त्याच्याच पायाला बसवून घ्यावा, एवढाच फरक करावयाचा. काकूंनी यंदा मोज्यांचे दोन जोड विणले. कॅनडाचा जोड टपालात पडण्यापूर्वीच दुसरा आमच्या गव्हाच्या वाफ्यांत पोहोचला होता.