आगीच्या जागी हुकूम एकाचाच

अमेरिकेच्या खेड्यात आग लागून कुणी ९११ फिरवले की जो बंब येतो, त्यावर बहुधा पगारी जवान नसतात. शाळेत शिकवणारा, गॅरेज चालवणारा, शेत कसणारा माणूस पेजर वाजताच हातातले काम टाकून निघालेला असतो. राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या २०२० च्या अंदाजानुसार देशात सुमारे १० लाख ४१ हजार अग्निशामक होते. त्यांतले ६ लाख ७७ हजार, म्हणजे शेकडा ६५, स्वयंसेवक. ही रीत जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ मध्ये फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी काढली तीही शेजाऱ्यांनी एकमेकांना दिलेल्या शब्दावर. या माणसांच्या धैर्याचे तिथे भरभरून कौतुक होते आणि ते रास्तच आहे. पण धैर्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न दुसरा आहे: आगीच्या जागी हुकूम कोणाचा? पगारी दलात पाळी ठरलेली असते, कोण कोणाच्या हाताखाली हे सकाळीच ठरते. स्वयंसेवी दलात कामाच्या दिवशी भर दुपारी चारजण येतील की चौदा, आणि त्यांत जाणता कोण असेल, हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणूनच माझे मत असे की, हुकमाची शिस्त पगारी दलापेक्षा स्वयंसेवी दलाला अधिक लागते.

ही शिस्त कॅलिफोर्नियाने किंमत मोजून मिळवली. १९७० च्या शरद ऋतूतील वणव्यांनी १३ दिवसांत १६ बळी घेतले. मदतीला अनेक दले धावली, पण प्रत्येकाचा प्रमुख वेगळा, वायरलेस वेगळा, शब्दही वेगळे. त्या गोंधळातून ‘इन्सिडेंट कमांड सिस्टिम’ जन्मली. २००१ च्या हल्ल्यांनंतर, २००४ पासून, ती राष्ट्रीय व्यवस्थेचा भाग झाली. तिचे मर्म साधे आहे. पहिला पोहोचणारा वायरलेसवर सांगतो की सूत्रे माझ्याकडे. अधिक अनुभवी माणूस आला तर तो आधी परिस्थिती समजून घेतो, सूत्रे हाती घेतो आणि तसे सर्वांना कळवतो. एकाच्या हाताखाली तीन ते सात माणसे, शक्यतो पाच. सांकेतिक आकडे टाकून साधी भाषा. कोण आत गेले आणि कोण बाहेर आले याची मोजणी. चालू प्रसंगात वय, मान किंवा गावातले वजन यांवर काही ठरत नाही.

हे नसले तर काय होते, ते १७ एप्रिल २०१३ रोजी टेक्सासच्या वेस्ट या गावात दिसले. खतांच्या गोदामाला आग लागली. गावचे स्वयंसेवक धावले. पहिल्या फोननंतर सुमारे २० मिनिटांत लाकडी कप्प्यांतील जवळपास ३० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. १५ जण गेले, त्यांतले १२ मदतीला धावलेले. केंद्रीय रासायनिक सुरक्षा मंडळाने आपल्या अहवालात ज्या त्रुटी नोंदवल्या, त्यांत घटनास्थळी एकसूत्री नेतृत्व नसणे ही एक होती. घातक रसायनांचे प्रशिक्षण नव्हते, गोदामाचा आधी केलेला अभ्यास नव्हता, या तिच्या जोडीच्या. त्या आगीत योग्य हुकूम एकच होता: मागे हटा, लोकांना दूर न्या. पण घर जळताना पाहून आलेल्या शेजाऱ्याला मागे हटायला सांगणे फार कठीण, आणि ते सांगायचा अधिकार आधीच कुणाला तरी दिलेला असावा लागतो.

यावर एक आक्षेप जोरकस आहे: चारच माणसे आली असताना एकाने बाहेर उभे राहून नुसते हुकूम सोडायचे, म्हणजे कामाचा एक हात गेला. पण जळत्या घरात दोघे शिरले तर बाहेर दोघे तयार हवेत, हा पगारी जवानांना लागू असलेला केंद्रीय नियम आहे, आणि बाहेरच्या दोघांपैकी एकाने नेतृत्व करायला त्यात मुभा आहे. तेव्हा हात जात नाही. गंभीर आक्षेप वेगळाच आहे. १९८४ मध्ये स्वयंसेवक सुमारे ८ लाख ९८ हजार होते. संख्या घटत असताना प्रशिक्षणाचे ओझे आणखी वाढवले, तर आहेत तेही जातील. ही भीती खोटी नाही. मात्र नेतृत्वाचा प्राथमिक अभ्यासक्रम काही तासांचा आणि फुकट आहे. खरा वेळ जातो तो सरावात, आणि सराव न करता माणसे आगीत पाठवण्यापेक्षा कमी माणसे पाठवणे मी पत्करीन.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत सुमारे १,४०० टन स्फोटके वाहणाऱ्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. बंदराचे, लष्कराचे, जहाजाचे, अग्निशमन दलाचे अधिकारी तिथे होते. जहाज जागीच बुडवायचे की बाहेर ओढून न्यायचे, याचा निर्णय होण्याआधीच स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सप्ताह सुरू होतो. त्या दिवशी आपल्या भागातील औद्योगिक वसाहतीच्या अग्निशमन केंद्रात जाऊन एवढे जरूर विचारा: इथे आग लागली आणि तीन ठिकाणचे बंब आले, तर हुकूम कोणाचा चालेल?