तारेतून गेलेला खोकला

चाकण एमआयडीसीत तिसरी पाळी सुटते तेव्हा उजाडलेले असते. महाळुंगे, खराबवाडी, निघोजेतल्या खोल्यांकडे कामगार परतू लागतात. त्यांतल्या एखाद्याचा घसा रात्रभर दुखत असतो. दवाखाना उघडायला अवकाश असतो, तळेगाव चौकातली कोंडी त्याला पाठ असते, आणि रांगेत दुपार गेली तर झोपही जाते नि पुढची हजेरीही. मग तो खोलीच्या दाराशी उजेडाकडे तोंड करून बसतो, मोबाइल समोर धरतो. पलीकडून डॉक्टर म्हणतात, "आ करा." टाळ्यामागची लाली त्याच क्षणी दूरच्या एका पडद्यावर उमटते.

सवयीमुळे या प्रकाराचे नवल उरलेले नाही. पण जरा थांबून विचारून पाहू: माणसाच्या दुखण्यातले काय काय तारेतून जाते, आणि काय अलीकडेच राहते?

या प्रश्नाचे पहिले उत्तर फार जुने आहे. टेलिफोनचे पेटंट १८७६ मधले. अवघ्या तीन वर्षांत, १८७९ साली, 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात एक हकिगत आली. रात्री एका घरात लहान मूल खोकत होते आणि घरच्यांना क्रूपची भीती वाटत होती. क्रूपमध्ये श्वासनलिका सुजते आणि खोकला कुत्र्याच्या भुंकण्यासारखा येतो. डॉक्टरांनी मुलाला टेलिफोनपाशी आणायला सांगितले, खोकला ऐकला आणि हा क्रूप नव्हे असा निर्वाळा दिला. एका आवाजावर घरादाराला झोप लागली.

पुढचे नवल १९०५ चे, हॉलंडमधल्या लायडनचे. विलेम आइंटहोव्हेन यांचे हृदयाचा आलेख काढणारे यंत्र इतके अवजड होते की ते रुग्णाच्या खाटेपाशी नेणे अशक्य होते. त्यांनी उलटा विचार केला. रुग्ण रुग्णालयातच ठेवला आणि त्याच्या हृदयातली वीज टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत आणली. १९२४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आज आपण ज्याला ईसीजी म्हणतो, तो जवळजवळ सुरुवातीपासूनच दूरवरून तपासणी करत होता.

यात एक गमतीशीर भेद दडला आहे. जुना टेलिफोन साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झमधलाच आवाज वाहून नेई, कारण बोलणे समजायला तेवढे पुरते. खोकल्याचा बराच आवाज या पट्ट्यात येतो. हृदयाची धडधड मात्र बहुतांशी २०० हर्ट्झच्या खाली असते. म्हणजे फोन छातीला लावला तरी खोकला पलीकडे पोचेल, हृदय पोचणार नाही! आइंटहोव्हेन यांनी हृदयाचा आवाज पाठवलाच नव्हता, वीज पाठवली होती.

प्रकाशाचेही तसेच. १९७० च्या दशकात जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी पल्स ऑक्सिमीटरची युक्ती शोधली. प्राणवायूने भरलेले रक्त आणि रिते रक्त लाल व अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषते, म्हणून बोटातून गेलेला प्रकाश रक्तातला प्राणवायू सांगतो. कोविडच्या दिवसांत ही बोटाला लावायची चिमटी घरोघरी पोचली आणि फोनवर नुसता आकडा सांगून माणसे आपल्या श्वासाची खबर देऊ लागली.

अलीकडे राहतो तो स्पर्श. अपेंडिक्सच्या शंकेत पोटाच्या उजव्या खालच्या भागावर बोटे दाबली की पोटाचे स्नायू घट्ट होतात का, हे डॉक्टरांच्या बोटांना कळते. ते बोट कुठलाही कॅमेरा पाठवू शकत नाही.

म्हणूनच २५ मार्च २०२०ला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, देशात दूरवैद्यकाची जी मार्गदर्शक तत्त्वे आली, ती मला शहाणपणाची वाटतात. त्यांत औषधांच्या याद्या आहेत. पॅरासिटामॉल, ओआरएस अशी औषधे नुसत्या फोनवरही सुचवता येतात. दुसऱ्या यादीतल्या औषधांसाठी पहिल्या भेटीत व्हिडिओ हवा. तिसरीतली औषधे त्याच दुखण्यासाठी आधी प्रत्यक्ष तपासणी झालेली असेल तरच. आणि गुंगीची वा नशेची काही औषधे अजिबात नाहीत. औषध जितके जोखमीचे, तितके रुग्णाजवळ जाणे सक्तीचे.

स्पर्शाची उणीव भरून काढण्याची एक सुंदर सोय सरकारच्या ई-संजीवनी सेवेत आहे. ती घडवली सी-डॅकच्या मोहाली केंद्राने. ज्या सी-डॅकने पुण्यात 'परम' महासंगणक बांधला, तीच ही संस्था. गावच्या आरोग्य उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाजवळ बसतात, रक्तदाब मोजतात, साखर तपासतात. डॉक्टर दूरच्या केंद्रावर असतात. डोळे-कान तिकडे, हात इकडे. एप्रिल २०२० पासून घरूनही मोफत सल्ला मिळू लागला, आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत सल्ल्यांची संख्या दहा कोटींवर गेली.

आता डॉक्टरांच्या चिठ्ठीकडे, म्हणजे औषधाकडे वळू. पिंपरीत १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही औषध कंपनी उभी राहिली, आणि पेनिसिलिन इथे टाक्यांत तयार होऊ लागले. तेव्हा चणचण औषधाची होती. आज मेडिकल कोपऱ्याकोपऱ्यावर आहे आणि अवघड काम आहे ते औषध कधी घ्यायचे नाही हे ठरवण्याचे. घसादुखी बहुतेक वेळा विषाणूची असते, तिथे अँटिबायोटिक चालत नाही. पलीकडच्या डॉक्टरांनी ते लिहून दिले नाही, तर तपासणी अपुरी झाली असे समजू नका.

तेव्हा फोन लावण्याआधी ताप मोजून ठेवा. चालू औषधांची पाकिटे जवळ घ्या. खिडकीकडे तोंड करून बसा. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना ते बघा. आणि छातीत कळ आली, दम लागला, एक हात लुळा पडला, तर व्हिडिओच्या नादी लागू नका. तिथे हातच लागतात. थेट १०८ फिरवा.