हे दोघं जेवतात कुठे?

समजा, तुम्हाला एका कारखान्यात प्रयोग करायचाय. निम्म्या कामगारांना लठ्ठपणा-मधुमेह रोखण्याचा कार्यक्रम द्यायचा, उरलेल्यांना द्यायचा नाही, आणि वर्षभराने दोन्ही गटांची साखर मोजायची. कागदावर एकदम सोपं. माझ्या पीएचडीच्या पहिल्या मसुद्यात मी हेच लिहिलं होतं. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "हे दोघं जेवतात कुठे?"

एकाच कॅन्टीनमध्ये. झालं, माझी रचना तिथेच कोसळली! कॅन्टीनने चहातली साखर कमी केली की ती दोन्ही गटांची कमी होणार. वड्याऐवजी उसळ आली की ती सगळ्यांच्याच ताटात. शिवाय कार्यक्रमातला कामगार शेजारच्या मशीनवरच्या मित्राला सगळं सांगणारच. तुलना गटालाही अर्धामुर्धा कार्यक्रम मिळतो आणि शेवटी दोघांत फरक दिसत नाही.

बरं, कॅन्टीन वगळून नुसती व्याख्यानं द्यावीत, तर कामगार दिवसातलं निदान एक जेवण तिथेच घेतो. 1948 च्या कारखाने कायद्याने 250 पेक्षा जास्त कामगारांच्या कारखान्यांसाठी कॅन्टीनची तरतूद केली आणि त्याच्या व्यवस्थापनात कामगारांचे प्रतिनिधीही आणले. म्हणजे मेनू बदलायला एचआरला पटवून भागत नाही, कॅन्टीन कमिटीपुढे बसावं लागतं. मी बसले, तेव्हा गुरुवारच्या जिलबीवर पाऊण तास गेला. जिलबी राहिली.

मग उपाय काय? माणसांची नाही, अख्ख्या कारखान्यांची चिठ्ठी टाकायची. काही कारखाने कार्यक्रमात, काही तुलनेला. याला क्लस्टर रँडमायझेशन म्हणतात. पण त्याची किंमत मोजावी लागते. एका कारखान्यातली माणसं एकमेकांसारखी असतात: तोच मेनू, त्याच शिफ्टा, बरेचदा एकाच वस्तीतल्या खोल्या. त्यामुळे तिथला पन्नासावा माणूस फारसं नवीन काही सांगत नाही. हे सारखेपण एका आकड्यात मांडतात, त्याला ρ (ऱ्हो) म्हणू. एका कारखान्यातून m माणसं घेतली, तर नमुना 1 + (m − 1) × ρ इतक्या पटीने वाढवावा लागतो.

उदाहरणासाठी ρ = 0.02 धरू. 20 कारखान्यांतून प्रत्येकी 50 कामगार घेतले, तर पट येते 1.98. म्हणजे तुमच्या 1000 कामगारांचं वजन साधारण 505 इतकंच. आता तेच 1000 कामगार 5 कारखान्यांतून, प्रत्येकी 200, असे घ्या. पट 4.98, आणि हातात उरतात जेमतेम 200! परवानगी मिळालेल्या एकाच मोठ्या कंपनीत नमुना फुगवत बसू नका. चार छोट्या कारखान्यांचे उंबरठे झिजवा. (परवानगीची पत्रं कुठे कुठे अडकतात, हा स्वतंत्र रडण्याचा विषय आहे.)

आपल्याकडचा एक महत्त्वाचा अभ्यास या नजरेने वाचून बघा. डॉ. प्रभाकरन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये भारतीय उद्योगांतल्या कार्यक्रमाचे निष्कर्ष मांडले. कार्यक्रम झाला तिथे वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर सुधारलेली दिसली. काम मोठंच आहे. पण कार्यक्रम सहा उद्योगांत, आणि तुलनेला एकच. त्या एका ठिकाणी त्याच काळात आणखी काही घडलं असेल, तर ते वेगळं कसं काढणार?

दरवेळी क्लस्टर हवेतच असंही नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 537 नोकरदार पुरुषांवर प्रयोग केला, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला. एका गटाला मोबाइलवर नियमित मेसेज, दुसऱ्याला नेहमीचा सल्ला. दोन वर्षांत मधुमेह झाला अनुक्रमे 18 आणि 27 टक्के जणांना. मेसेज ज्याच्या त्याच्या मोबाइलवर जातो, कॅन्टीनच्या पातेल्यात नाही. म्हणून तिथे माणसागणिक वाटणी चालली.

याच गटाचा 2006 चा अभ्यास तर पाठच करा. 531 जण, सुमारे अडीच वर्षं. नुसत्या सल्ल्याच्या गटात 55 टक्क्यांना मधुमेह झाला, आहार-व्यायाम बदललेल्यांत 39.3 टक्क्यांना. आणि गंमत म्हणजे वजनात म्हणावी तशी घट नव्हतीच! तुम्ही फक्त वजनकाटा घेऊन गेला असतात, तर "कार्यक्रम फसला" असं लिहून परत आला असतात. आपल्या लोकांत बीएमआय 23 वरच जास्त वजन आणि 25 ला लठ्ठपणा धरतात, तो उगाच नाही. कंबरेची टेप न्याच: पुरुषांना 90 सेंमी, बायकांना 80.

आता जे कुठल्याच सूत्रात बसत नाही ते. माझ्याकडे आलेल्या यादीत कंत्राटी कामगार नव्हतेच. रात्रपाळीवाले तपासणीच्या वेळी घरी झोपलेले. आणि पाळीच्या कामाचा मधुमेहाशी संबंध अनेक अभ्यासांत दिसलाय, म्हणजे नेमके तेच निसटले.

आणि एक क्रेन ऑपरेटर. उंची दिली, वजन दिलं, कंबर मोजून घेतली. रक्त म्हटल्यावर हात मागे. "ताई, रिपोर्ट एचआरकडे जाणार का?" मी नाही म्हटलं, त्याने मान हलवली आणि गेला. नंतर कळलं, आधीच्या एका शिबिरानंतर साखर वाढलेल्यांची नावं खात्याच्या नोटीस बोर्डावर लागली होती. दोघांची मशीन बदलली, ओव्हरटाइम गेला.

आम्ही संमतीपत्र पुन्हा लिहिलं. नावाऐवजी क्रमांक, कंपनीला फक्त एकत्रित आकडे, रिपोर्ट बंद पाकिटात ज्याच्या त्याच्या हातात. एथिक्स कमिटीने रास्त अडवलं: गोळ्यांमुळे क्रेनवर असतानाच कुणाची साखर उतरली तर खालच्यांचं काय? त्यावर दोन बैठका झाल्या. ठरलं ते असं, की आधी त्या माणसाशी डॉक्टर बोलणार, आणि कंपनीच्या डॉक्टरांना कळवायचं ते त्याच्या लेखी संमतीनेच. प्रश्न पूर्ण सुटला असं मला आजही वाटत नाही.

दुसऱ्या फेरीला तो आला. रक्त दिलं. आठवड्याने पाकीट घ्यायला आला, तेव्हा खिशात टाकायच्या आधी ते नीट चिकटवलंय ना, हे दोनदा बघितलं.