चिवट गाभा, कठीण कवच

पोलादात लोखंड मुख्य, इतर द्रव्ये अल्प. मिश्रधातूंची ही जुनी रीत होय. पाच किंवा अधिक धातू जवळजवळ समप्रमाणात मिसळण्याच्या नव्या मार्गाकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. एस. रंगनाथन यांनी २००३ साली ‘करंट सायन्स’मध्ये लक्ष वेधले. यांनाच ‘उच्च-एन्ट्रॉपी मिश्रधातू’ म्हणतात. लोह, कोबाल्ट, निकेल, क्रोमियम व मँगॅनीज यांचा असा मिश्रधातू अतिशीत अवस्थेतही चिवट राहतो. परंतु मऊ असल्याने घर्षणाने झिजतो. म्हणून तो बोरॉनयुक्त चूर्णात पुरून सुमारे ९०० अंश सेल्सिअसला तापवितात. बोरॉनचे अणू आत शिरून पृष्ठभागी बोराइडांचे कठीण कवच घडवितात. गाभा चिवटच राहतो. कवच फाजील जाड झाल्यास मात्र तडकते. उष्णता व वेळ यांचे प्रमाण राखणे, हेच या विद्येचे मर्म होय.